पाटी धरून उभ्या राहणाऱ्या रझिया सिस्टर

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याने आमच्या नागरिक समितीला फसवलं. ठाण्याचं नाव मी इथे लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. समितीत आम्ही पाच जण आणि कागदावर सगळ्यात वरची सही माझी. आयुष्यभर जुने कंटेनर घेतले आणि विकले, माल उलटासुलटा करून पाहिल्याशिवाय कधी हात लावला नाही, आणि तोच मी ठाण्यातल्या एका चमकत्या पडद्यापुढे आठ महिने मुकाट सही करत राहिलो. ही फसवणूक जिने पकडली ती बाई, रझिया सिस्टर, सहा आठवड्यांपूर्वी गेली.

बातमी आली तेव्हा मी जासईला माझ्या यार्डात होतो. पनवेलचं एक गिऱ्हाईक भावावरून घासाघीस करत होतं आणि माझा आवाज नेहमीसारखा चढलेला होता. फोनवर सिस्टरची मुलगी नाझनीन. म्हणाली, "शेठ अंकल, अम्मी गेली." चढलेला आवाज एकदम खाली येत नाही. मी त्या पोरीवर ओरडलोच, "कधी?" ती म्हणाली, "आत्ता, जेवून पडली होती, उठलीच नाही." मग मी काय बोललो ते आठवत नाही... गिऱ्हाइकाने मात्र समोरची प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे सरकवली होती, तेवढं आठवतं.

सिस्टर मूळच्या उरण तालुक्यातल्याच, आमच्या यार्डापासून रिक्षाने दहा मिनिटांवरच्या गावातल्या. कोकणी मुसलमान घराणं. नवरा कंटेनर यार्डात कारकून होता, तो लवकर गेला. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, तिथून निवृत्त झाल्या, पण गावाने त्यांना शेवटपर्यंत निवृत्त होऊ दिलं नाही. आमची ओळख भांडणातूनच झाली. गावात बीपी-शुगर तपासायची खोली करायची म्हणून त्या माझ्याकडे जुना कंटेनर घ्यायला आल्या. मी एक चांगला रंगवलेला नग दाखवला. बाई थेट आत गेल्या आणि मला म्हणाल्या, "बाहेरून दार लावून घ्या." आमच्या धंद्यात ही रीत आहे. दार बंद करून अंधारात उभं राहायचं, पत्र्याला सुईएवढं भोक असलं तरी उजेड दिसतो. पण ही रीत एका नर्सबाईला ठाऊक असेल असं मला कुठे वाटलं होतं! आतून आवाज आला, "शेठ, तुमच्या कंटेनरात तर चांदण्या पडल्यात." यार्डातली सगळी माणसं हसली. मी तापलो. म्हटलं, "एवढ्या किमतीत छप्पर मिळतंय, चांदण्या फुकट." त्या बाहेर आल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "चांदण्या तुमच्या घरी लावा. मला तो कोपऱ्यातला दाखवा." कोपऱ्यातला नग मी दुसऱ्यासाठी राखून ठेवला होता. तोच घेऊन गेल्या.

पुढे ठाण्यात नागरिक समिती नेमली गेली. ठाण्यात लोकांशी कसं वागतात यावर बाहेरच्या माणसांची नजर राहावी, हा हेतू. मी कसा आत आलो? यार्डातल्या चोरीची तक्रार घ्यावी म्हणून ठाण्यात इतका आरडाओरडा केला होता, की साहेब म्हणाले, "एवढं बोलता, तर समितीवर या." सिस्टर आल्या कारण ठाण्यातल्या निम्म्या शिपायांच्या घरची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही पाच जण जमायचो. चहा, बिस्किटं, साहेबांबरोबर एक फोटो. मग एका खोलीत पडदा दाखवायचे. पडद्यावर नऊ चौकोन, एकात कोठडी, एकात व्हरांडा, एकात ठाणे अंमलदाराचं टेबल. माणसं हलताना दिसत होती. वहीत छापील ओळ असायची, 'कॅमेरे सुस्थितीत असल्याचे पाहिले.' खाली सह्या. मी तर चहा संपायच्या आत सही करायचो.

मग प्रकाशचं झालं. प्रकाश दिघ्याला राहतो, उत्तम वेल्डर, बायको आणि दोन लहान मुली. कित्येक वर्षं माझ्या यार्डात काम करतोय. शेजारच्या यार्डातून तांब्याची केबल गेली आणि संशय म्हणून भर दुपारी पोलीस त्याला घेऊन गेले. मी ठाण्यात फोन केला. "चौकशी आहे शेठ, सोडतो," म्हणाले. मी निवांत झालो. मी समितीवर आहे, माझ्या माणसाला कोण हात लावणार, अशी गुर्मी होती मला. तो तिसऱ्या दिवशी आला. डाव्या बाजूने हाक मारली तर वळून बघत नव्हता... सिस्टरनी त्याला त्याच कोपऱ्यातल्या कंटेनरच्या खोलीत बसवून तपासलं, मग स्वतः बरोबर जाऊन कानाच्या डॉक्टरचा दाखला आणला. वहीत एकेक खूण लिहिली, शरीरावर कुठे, केवढी, किती वाजता पाहिली. प्रकाशची बायको रडत होती. तिला म्हणाल्या, "बाय, रडायचं तं रड, पण तारखा बरोबर सांग."

आम्ही ठाण्याकडे त्या दिवसांचं रेकॉर्डिंग मागितलं. लेखी उत्तर आलं. प्रकाश दोन तास ठाण्यात होता, चौकशी करून सोडला. रेकॉर्डिंग तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही. आणि शेवटची ओळ अशी, की कॅमेरे सुस्थितीत असल्याची खात्री नागरिक समितीने त्याच महिन्यात केलेली आहे. सोबत आमच्या सह्यांच्या पानाची झेरॉक्स. प्रकाशला खोटा पाडायला त्यांनी माझी सही वापरली होती.

मी जीप काढून थेट ठाण्यात जाणार होतो. सिस्टर यार्डाच्या गेटवर आडव्या उभ्या राहिल्या. "आवाज खाली, शेठ. आपण पडदा बघितला. मागचं दाखवा असं कधी विचारलं?" मी म्हटलं, "मागचं म्हणजे?" त्या म्हणाल्या, "पेशंट श्वास घेतोय एवढंच बघितलं आपण. रात्रीचा चार्ट कोणी बघितला?" मला तरी अर्थ लागायला वेळ लागला. पडद्यावर त्या क्षणी दिसत होतं ते खरंच होतं. ते कुठे साठत होतं का, हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी चहा यायच्या आधी सिस्टर त्या खोलीत गेल्या आणि कॅमेऱ्यांवर बसणाऱ्या हवालदाराला म्हणाल्या, "मागच्या महिन्यात आम्ही पाच जण व्हरांड्यात उभे होतो ते दाखव." तो बटणं दाबत राहिला. पडद्यावर काही येईना. सिस्टरनी टेबलाखाली वाकून रेकॉर्डिंग साठवायचा डबा उघडायला लावला. डिस्कची जागा रिकामी. हवालदार दाराकडे बघत हळूच म्हणाला, "सिस्टर, डिस्क नाहीये त्यात. कधीपासून ते मला विचारू नका." त्याच्या बायकोचं बाळंतपणही सिस्टरनीच केलं होतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला नाय विचारणार. ज्याला विचारायचं त्याला विचारीन."

आता इथे माझीच गोष्ट सांगायला हवी. सिस्टरनी पत्र तयार केलं. आम्ही रेकॉर्डिंग न पाहता सह्या केल्या, त्या आम्ही मागे घेत आहोत. खाली पाच जणांची जागा. मी सही करायला नकार दिला. बाजारात माझं नाव आहे ते एका गोष्टीवर, की याला कोणी फसवू शकत नाही. तेच मी कागदावर कबूल करायचं? सिस्टर तीन वेळा यार्डात आल्या. तिसऱ्या वेळी मी चिडून म्हटलं, "फसवलं त्यांनी आणि मान खाली घालायची आपण?" त्या शांतपणे म्हणाल्या, "शेठ, तुम्ही विकलेला कंटेनर सडका निघाला तर बदलून देता की नाय?" "देतो. आजवर दिलाय." "मग सही पण बदलून द्या. प्रकाशला सडकी गेलीय." एवढा मोठा सौदा मी आयुष्यात कधी हरलो नव्हतो. सही केली. माझी पाहून बाकी तिघांनीही केली.

त्या पत्राने काम केलं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणापुढे प्रकाशची सुनावणी झाली, तेव्हा ठाण्याने पुढे केलेला आमच्या सह्यांचा कागद आमच्याच दुसऱ्या कागदाने निकामी झाला. प्रकाशवरचा संशय काढून टाकला गेला, दोन शिपायांची चौकशी लागली. ठाण्यात नवे अधिकारी आले, नवी डिस्क आली. आणि सिस्टरनी नवी पद्धत सुरू केली. गावातल्या शाळेतून एक पाटी आणली. दर पहिल्या शनिवारी तिच्यावर खडूने तारीख आणि वेळ लिहायची, एकेका कॅमेऱ्याखाली जाऊन ती छातीशी धरून उभं राहायचं, कोठडीपासून अंमलदाराच्या टेबलापर्यंत. मग पुढच्या महिन्यात आधी मागच्या महिन्याच्या सिस्टर पडद्यावर बघायच्या. नऊच्या नऊ ठिकाणी पाटी वाचता आली, तरच सही. पहिल्यांदा स्वतःला पाहिल्यावर म्हणाल्या, "अल्ला, किती जाड झालेय मी. शेठ, हे पुसता येतं का?" नवे साहेबही हसले. ते म्हणाले, "सिस्टर, पुसलं तर तुम्ही आम्हाला सोडाल का?"

त्या नव्या साहेबांबद्दल मला चांगलंही बोलायचं आहे, कारण रागाबरोबर हेही नोंदवायला हवं. त्यांनी स्वतःच सांगून दहावा कॅमेरा लावला, मागच्या खोलीत, जिथे आधी एकही नव्हता. पहिल्या दिवशी त्याच्याखाली पाटी घेऊन उभं राहायचा मान त्यांनी प्रकाशला दिला. प्रकाश घाबरला होता, त्या खोलीत पाय टाकेना. सिस्टर त्याच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या, त्याला ऐकू येईल अशा, आणि म्हणाल्या, "वर बघ. आता तो तुझ्याकडे बघतोय." खारघरला मी राहतो त्या सोसायटीतल्या दोन निवृत्त शिक्षिकांनी हे माझ्याकडून ऐकलं आणि आपल्या भागातल्या ठाण्यात विचारणा सुरू केली. त्यांना अजून आत चहाच मिळतो, पण त्या पाटी बरोबर नेतात.

दफनाला मी गेलो होतो. तो हवालदार साध्या कपड्यांत आला होता, मागे उभा होता. मी मूठभर माती दिली आणि बाजूला झालो, माझ्या शेजारी येऊन तोही नुसता उभा राहिला. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आम्ही ठाण्यात गेलो. सिस्टरच्या जागी आता नाझनीन आहे. ती बँकेत आहे, आईपेक्षा जास्त बोलते. नेमाप्रमाणे आधी मागचा महिना लावला. नऊ चौकोनांत आणि मग दहाव्यात सिस्टर, चष्मा नाकावर घसरलेला, पाटी जराशी तिरकी. नाझनीन पडद्याकडे बघत म्हणाली, "दहाही वाचता येतात. करा सही." हवालदाराने तिला विचारलं, याची प्रत काढून देऊ का, मुदत संपली की आपोआप पुसलं जाईल. ती म्हणाली, "नियमात बसत असेल तर अर्ज करते. नसेल तर राहू दे." मी बाहेर येऊन पाण्याच्या टाकीपाशी तोंड धुतलं.

पण एक गोष्ट राहिलीय आणि ती सोडून मी हा लेख संपवणार नाही. सिस्टरनी माहितीच्या अधिकारात एक अर्ज केला होता. त्यात प्रश्न एकच होता. डबा रिकामा सापडला, त्यातली डिस्क कोणी, कोणत्या तारखेला, कोणाच्या सांगण्यावरून काढली? त्या असेपर्यंत उत्तर आलं नाही. त्या गेल्यावर दोन आठवड्यांनी नाझनीनच्या नावे पाकीट आलं. आत दोन ओळी होत्या. अर्जदार मयत असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

ते पाकीट मी यार्डात टेबलावर उघडं ठेवलं. मग प्रकाश आला आणि म्हणाला, "शेठ, अर्ज माझ्या नावाने टाका." त्याची बायको म्हणाली, माझ्याही. गावातल्या बीपी तपासायला येणाऱ्या बायका, खारघरच्या दोघी शिक्षिका, नाझनीन आणि सगळ्यात वर मी... तोच प्रश्न, तेच शब्द, प्रत्येकाचा वेगळा अर्ज. सगळे मी स्वतः जाऊन दिले आणि प्रत्येकावर पोच घेतली.

तर, प्रकाशच्या वेळचे आमचे साहेब, तुम्ही आता बढतीवर दुसऱ्या गावी आहात. हा लेख तुमच्यापर्यंत पोचेल, मी पोचवीन. या वेळी सगळे अर्जदार जिवंत आहेत आणि बहुतेक जण तुमच्यापेक्षा वयाने लहान आहेत. आम्हाला वाट बघता येते. ती डिस्क कोणी काढली, साहेब? नाव लिहा, तारीख लिहा, आणि खाली तुमची सही करा.