कोतवालाला न सांगितलेला जन्म

गावात कोण जन्मलं, कोण गेलं, हे कोतवाल दारोदार विचारून पाटलांना सांगायचा. मयत लपत नसे, तिरडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जायची. जन्म मात्र बायका लपवायच्या. सांगितला की नजर लागते म्हणायच्या. कोतवाल हसायचा, "या आळीत माणसं निस्ती मरत्यात, जलमतच न्हाईत."

माझे पहिले दोघे बारशाआधीच गेले. तिसरा झाला तेव्हा हे पलटणीत, लढाईवर होते. कोतवाल आला तर सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "पोटातच गेलं रं बाबा." मलाही तेव्हा बरंच वाटलं. पोर मी माजघराबाहेर काढलं नाही.

उन्हाळ्यात खालच्या आळीत देवी आल्या. एका दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, मग शेजारच्या. रहिमतपूरहून देवी काढणारे, पोरांच्या दंडावर लस टोचणारे डॉक्टर आले. कोतवाल पुढं चालत कुठल्या घरात पोर आहे ते दाखवत होता. आमच्या दारापाशी तो थांबलाच नाही.

मी दाराआड पोराला पाजत उभी होते. परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. हाक मारावी तर कशी? सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरलेला. पावलं पुढं निघाली. तशी मी पित्या पोराला अंगावरून ओढून काढलं. त्यानं टाहो फोडला.

पावलं थांबली.

"आवं आजी, घरात काय रडतंय?" कोतवालानं विचारलं.

"मांजर हाय."

"मांजर? का गेलेलं पोर परत आलं?"

सासूबाईंची पकड सैल झाली. मी पदर पुढं ओढला, उंबऱ्याबाहेर गेले आणि पोराचा दंड पुढं केला. डॉक्टरांनी नाव विचारलं.

"नाव न्हाई!" सासूबाई आतून ओरडल्या. "नाव ठिवलं की जातंय."

"मग काय मांजर लिवायचं?" कोतवाल म्हणाला.

"लिव की!"

पोराला ताप चढला. टोचलेल्या जागी फोड टरारून आला. "माझ्या नातवाला काय झालं तर तुझं तोंड बघायची न्हाई," सासूबाई एवढंच म्हणाल्या. पण त्याला मांडीवरून खाली ठेवीनात. तशात खालच्या आळीतून एक लहानसं मयत गेलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

ताप उतरला. पुढं खपली पडली, तेव्हा सासूबाईंनी ती चिमटीत धरून उजेडात नीट पाहिली. त्यानंतर कोतवाल आला तशा त्या आपणहून ओसरीवर गेल्या.

"पाटलांस्नी सांग, आमच्यात एक जलम झालाय," त्या म्हणाल्या. "पर मोठ्यानं सांगू नगंस."