पाचवी सीडी

युनूस गेल्याचे मला त्याच्या दुकानासमोरच्या पानठेलेवाल्याने फोनवर सांगितले. मी चंद्रपूरच्या कार्यालयात जिल्हा पानाची मांडणी पाहत होतो. सवयीने तीन प्रश्न विचारले... किती वाजता, कुठे, कशाने. दुपारी चारच्या सुमारास, दुकानात बसल्या जागी, हृदयविकाराने. वय मला माहीत होते, शेहेचाळीस. फोन ठेवून मी निधनवृत्त लिहिले. देसाईगंज (वडसा) येथील सीडी लायब्ररीचे संचालक युनूसभाई यांचे निधन, पश्चात एक बहीण व भाचा. दुसऱ्या दिवशी ते आतल्या पानावर तळाशी छापून आले. त्यात चूक एकही नव्हती. ‘संचालक’ हा शब्द वाचून मात्र तो हसला असता.

वडशाला मी सात वर्षे तालुका वार्ताहर होतो. त्याचे दुकान बाजारातून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. ते मुळात त्याच्या वडिलांचे घड्याळ दुरुस्तीचे दुकान. वडील गेल्यावर त्याने भिंतींना फळ्या ठोकून सीडी मांडल्या, मागे एक कॉम्प्युटर बसवला, पण दुरुस्तीचे टेबल हलवले नाही. डोळ्याला लावायचे भिंग, चिमटे आणि पितळेच्या छोट्या डब्या तिथेच राहिल्या. कोणी ओरखडे पडलेली सीडी परत आणली की तो भिंग लावून ती उजेडाकडे धरायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, ‘हे सीडी पाह्यली का त्यावर भाकर थापली?’ मी रोज दुपारी बातम्या पाठवायला त्याच्या कॉम्प्युटरवर जात असे. बातम्या अर्ध्या तासात संपत. मी उठत असे दोन तासांनी. माझी खोली स्टेशनमागे होती आणि तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हते. त्याच्या घरी मोठी बहीण होती, तिला सगळे आपा म्हणत. दोघांनीही लग्न केलेले नव्हते. ती नमाज, शिवणकाम आणि भावाचा डबा यांत असायची. दुसरी एक बहीण ब्रम्हपुरीला होती, ती वारल्यावर तिचा मुलगा इथेच वाढला.

हा भाचा नागपूरला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि वसतिगृहातून कॉपी केलेल्या सीडींचा एक गठ्ठा घेऊन आला. जपानी चित्रमालिका होत्या. खाली इंग्रजी ओळी. युनूसने त्या लहान मुलांच्या फळीवर ठेवल्या. आठवड्याच्या आत एक तांदूळ व्यापारी सीडी घेऊन परत आला.

‘हे काय कार्टून आहे बे युनूस? लेकरू विचारून राह्यलं, ते पोरगी सारा वेळ काऊन रडते म्हणून. मी काय सांगू त्याले?’

त्या लेकरासारखा प्रश्न युनूसलाही पडला असावा, कारण त्याने ती मालिका दोन दिवसांत पूर्ण पाहिली. मग दुसरी पाहिली. त्याचे इंग्रजी दहावीपर्यंतचे. टेबलावर शब्दकोश आला. महिन्याभरात त्याने त्यांची वेगळी फळी केली आणि तिचे दोन भाग पाडले. डावीकडे ज्यांत एक मुलगा आणि त्याच्याभोवती चार-पाच मुली असतात त्या, उजवीकडे ज्यांत दोघेच असतात त्या. डावीकडच्या प्रकाराला हॅरेम म्हणतात, अशी माहिती भाच्याने दिली. युनूसला तो शब्द पटला नाही. ‘हरम बादशहाचं असते. हा पोरगा त चहा बी स्वतःच करून पेते.’

घड्याळांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्याने प्रत्येक मालिकेसाठी एक कार्ड केले. कार्डावर चार ओळी असत. पोरी किती. पोरगा कितव्या भागात बोलतो. रडणे थोडे की पुष्कळ. आणि शेवटची, जी मी दुसऱ्या कोणत्याही परीक्षणात वाचलेली नाही... उरलेल्यांचे काय होते. त्याचे म्हणणे असे की निवडलेल्या मुलीचे काय होते ते सगळेच दाखवतात. मालिका चांगली की वाईट हे न निवडलेल्या मुली शेवटच्या भागात कुठे उभ्या आहेत त्यावरून कळते. होड्या दुरुस्त करण्याच्या कारखान्याची एक मालिका होती, पाच मुली आणि एक शिकाऊ मुलगा. ती लोकांना आवडायची. त्याच्या कार्डावर चौथ्या ओळीत एकच शब्द होता, ‘गायब’. तिच्याहून कितीतरी कमी रंगीत, डोंगरावरच्या शाळेची एक होती. तिच्यात शेवटी न निवडलेली मुलगी वर्गाच्या खिडक्या एकेक करून बंद करते आणि घरी जाते. तेवढ्या एका दृश्यासाठी त्याने ती वरच्या जागी ठेवली होती.

नायकांबद्दल त्याला दयामाया नव्हती. ‘पंचवीस भाग झाले भाऊ, अन् हा म्हंते मी विचार करून राह्यलो. काय विचार करून राह्यला बे? बोल ना!’ असे तो पडद्याला सांगायचा.

गिऱ्हाईक पाहून तो मालिका द्यायचा. कोरपन्याहून बदलून आलेले एक शिक्षक होते, कुटुंब तिकडेच. त्यांनी डावीकडची एक उचलली. युनूसने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. ‘मास्तर, हे नोका नेऊ. पाच पोरी घरभर हसतेत, खिदळतेत, अन् टीव्ही बंद केला का घर आनखीच रिकामं वाटते. माझं पाह्यलेलं आहे. तुमी हे न्या, एकीचं. हे सोसते.’ शिक्षक उजवीकडची घेऊन गेले आणि पुढचे वर्षभर उजवीकडच्याच नेत राहिले.

दिवाळीनंतर वडशाला नाटक मंडळ्यांचा हंगाम असतो. कलावंत भाड्याच्या खोल्यांत उतरतात, संध्याकाळी गाडीने गावोगाव प्रयोगाला जातात, सकाळी परत येऊन झोपतात आणि दुपारी त्यांच्याकडे करण्यासारखे काही नसते. अशाच एका हंगामात वर्षाबाई दुकानात आल्या. नागपूरच्या होत्या, तिशीच्या आतबाहेर. नाटकात त्या नायिकेची मैत्रीण करायच्या. आल्या त्या सरळ बोलल्या. ‘रडाचं नाई पाह्यजे. रोज रात्री स्टेजवर रडतोच आमी.’

‘मंग हासाचं देऊ?’

‘हासाचं बी नाई. असं द्या का त्यात काही होतेच, शेवटी. नुसतं लटकत नाई ठेवत.’

युनूसने बराच वेळ फळीकडे पाहिले आणि उजवीकडचा एक संच काढला. रेल्वे फाटकाजवळ पावाचे दुकान चालवणारी मुलगी आणि रोज त्याच गाडीने कॉलेजला जाणारा मुलगा. सव्वीस भाग, पाच सीडी. त्यांतल्या चारच आमच्याकडे होत्या. हे त्याने सांगितले. ‘पाचवी मागवतो,’ म्हणाला.

चार सीडी त्यांनी पंधरा दिवसांत पाहिल्या. प्रत्येक सीडी परत करताना त्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसायच्या आणि दोघे त्या मुलाची निंदा करायचे. नंतर सीडी संपल्या तरी त्या येत राहिल्या. चार वाजता यायच्या, पाचला मंडळीची गाडी निघायची. आल्या की पहिला प्रश्न एकच. ‘आली का जी पाचवी?’ युनूसने स्टूल बदलून पाठीची खुर्ची आणली. आपाच्या डब्यातली एक पोळी तो दुपारी ठेवून द्यायला लागला. दोघांच्या नावांमधले अंतर वडशात कोणालाही दिसण्यासारखे होते. त्यावर ते आपसांत कधी बोलले का, मला माहीत नाही. माझ्यासमोर ते पावाच्या दुकानाबद्दलच बोलत.

पाचवी सीडी मीच आणली. संपादकीय बैठकीसाठी नागपूरला गेलो होतो, तेव्हा भाच्याने ती वसतिगृहाच्या फाटकाशी आणून दिली. फुटू नये म्हणून मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी युनूसच्या हातात ठेवली. त्याने ती टेबलाच्या खणात टाकली. दुपारी चारला वर्षाबाई आल्या.

‘आली का जी?’

‘नाई अजून,’ युनूस म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘भाऊ, तुमी काल नागपूरले गेले होते ना? तुमाले नाई भेटली?’

ऐकीव माहिती पडताळून पाहणे हे माझे काम. मी कॉम्प्युटरवरून मान न उचलता ‘नाही’ म्हणालो.

त्या गेल्यावर युनूस बराच वेळ एक बंद पडलेले घड्याळ उघडून बसला. मग म्हणाला, ‘देली का मंग येनार नाई ना ते. काऊन येईन?’ मी म्हणालो, सीडीशिवायही येतील. तो म्हणाला, ‘तुमी पाह्यलं नाई भाऊ कधी अशातलं एक बी. तुमाले काय माहीत.’ हे खरे होते. त्याच्याकडचे एकही मी पूर्ण पाहिलेले नव्हते. शेवटच्या दिवशी सीडीही द्यायची आणि जे सांगायचे तेही सांगायचे, असे त्याने ठरवले होते. हे त्याने मला तीन वेळा सांगितले.

हंगाम संपला त्या दिवशी मंडळीची गाडी दुपारीच निघणार होती. मीही त्याच्याबरोबर गेलो. त्याने धुतलेला सदरा घातला होता, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत ती वर्तमानपत्रातली सीडी. वर्षाबाई खिडकीशी बसल्या होत्या. आत पेट्या, पडदे, हार्मोनियम. एका नटाने आतून विचारले, ‘काय युनूसभाई, उधारी मांगाले आले का?’ सगळे हसले. युनूसही हसला. प्रवासाचे विचारले, उन्हाचे बोलला, होडीवाल्या मालिकेपेक्षा एक नवी चांगली आली आहे असे सांगितले, तिच्यात मुली चारच आहेत हेही सांगितले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. वर्षाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा वर. ‘पाचवी?’

पिशवी त्याच्या हातातच होती. तो म्हणाला, ‘पुढच्या सीझनले नक्की.’

गाडी वळेपर्यंत आम्ही उभे होतो. दुकानाचे शटर त्या दिवशी त्याने उघडले नाही.

पुढच्या हंगामात मंडळी आली, वर्षाबाई आल्या नाहीत. लग्न झाले असे एक जण म्हणाला, काम सोडले असे दुसरा. मी चौकशी केली नाही, आणि युनूसने ती मला करायला सांगितली नाही. त्यानंतर माझी चंद्रपूरला बदली झाली. सीडींचा धंदा बसत गेला. फळ्या अर्ध्या रिकाम्या झाल्या, पुन्हा घड्याळे आली. वर्षातून दोनदा मी जायचो. पाठीची खुर्ची टेबलासमोर तशीच असायची. मी तिच्यावर बसू लागलो की तो मागचे स्टूल ओढून द्यायचा. चार वाजले की हातातले काम ठेवून रस्त्याकडे पाहायचा... मिनिट-दीड मिनिट. मग पुन्हा भिंग लावायचा.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी आपाला भेटायला गेलो. तिने एक बुटाचे खोके पुढे केले. ‘भाऊ, तुमाले देऊन देजो असं म्हनत होता. मले त काही समजत नाई त्यातलं.’ खोक्यात कार्डे होती, सगळी, एक सोडून बाकींच्या चारही ओळी भरलेल्या. पावाच्या दुकानाच्या कार्डावर पहिल्या ओळीत ‘एक’, तिसऱ्या ओळीत ‘थोडे’. दुसरी आणि चौथी ओळ कोरी. कार्डाखाली ती सीडी होती, माझ्याच वर्तमानपत्रात, माझ्याच चिकटपट्टीत. पट्टी पिवळी पडली होती, उचकटलेली नव्हती. इतक्या वर्षांत त्यानेही शेवट पाहिला नव्हता.

ती आता माझ्या टेबलावर आहे. मीही ती उघडलेली नाही. वर्षाबाईंचा पत्ता मंडळीच्या जुन्या व्यवस्थापकाकडे नाही, माझ्या ओळखीच्या कोणाकडे नाही. आमच्या धंद्यात चुकीची माहिती छापून गेली तर खुलासा छापतात, दोन ओळींचा, कारणे न देता. मी दिलेली चुकीची माहिती छापलेली नव्हती, तोंडी होती, आणि ती देताना मी मान वर केली नव्हती. तरी खुलासा करतो. वर्षाबाई, पाचवी सीडी आली होती. तुम्ही विचारले त्या दिवशी ती तुमच्यासमोरच्या खणात होती, आणि त्याने ती तुमच्याशिवाय पाहिली नाही.