पाचव्या लेनमधले चार मिलीमीटर

तिसऱ्यांदा मोजलं तरी आकडा तोच आला. एकोणपन्नास मीटर, नव्याण्णव सेंटीमीटर, सहा मिलीमीटर. पन्नास मीटरच्या तलावाची पाचवी लेन चार मिलीमीटर आखूड होती. आणि ती बरोबर असल्याच्या जानेवारीतल्या कागदावर सही माझी होती.

मी सर्व्हेअर आहे. मूळची सांगलीची, गेली एकवीस वर्षं कोलोनमध्ये. लोकांना वाटतं आम्ही फक्त जमिनी मोजतो. आम्ही पूल, बोगदे, क्रेनचे रूळही मोजतो, आणि वर्षातून एक-दोनदा पोहण्याचे तलाव. स्पर्धेचा तलाव म्हटला की नियम कडक. दोन्ही टोकांच्या भिंतींवर टचपॅड लावतात, म्हणजे पोहणाऱ्याचा हात लागला की घड्याळ थांबवणारी पातळ पाटी. पॅड ते पॅड पन्नास मीटर भरलंच पाहिजे. थोडं जास्त चालतं. कमी मात्र केसभरही चालत नाही, तिथे पोहलेली वेळ बाद. आणि हे प्रत्येक लेनमध्ये पाण्याच्या वरही मोजायचं आणि खालीही, कारण भिंत वर सरळ दिसली म्हणून खाली सरळ असेलच असं नाही.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. तरी जानेवारीत मी माती खाल्ली.

कोलोनजवळच्या एका गावातला हा तलाव. एका टोकाच्या भिंतीवरच्या काही फरशा निखळल्या होत्या, त्या नव्या बसवल्या आणि आम्हाला फेरमोजणीला बोलावलं. पाण्याच्या वर मी आठही लेन मोजल्या. पाण्याखाली मोजायला एक लांब काठी भिंतीला टेकवून धरावी लागते आणि काठीच्या डोक्यावरच्या आरशावर लेझर मारावा लागतो. वेळखाऊ काम. दहा वाजता शाळेची पोरं पोहायला येणार होती आणि मॅनेजर घड्याळाकडे बघत माझ्या डोक्यावर उभा. मी पहिली, चौथी आणि आठवी लेन खाली मोजली. तिन्ही उत्तम. बाकीच्या त्यांच्यासारख्याच असणार असं धरून आकडे भरून टाकले. आमच्या धंद्यात याला इंटरपोलेशन म्हणतात. साध्या मराठीत अंदाजपंचे.

एप्रिलमध्ये टायमिंगवाल्या माणसाचा फोन आला. पाचव्या लेनचा टचपॅड भिंतीला नीट चिकटत नाही, एक कोपरा उचलला जातोय, जरा बघाल का? मी गेले आणि पाण्याखाली काठी लावली. नव्या फरशांच्या दोन ओळी पोट पुढे काढून उभ्या होत्या. मिस्त्रीने खाली सिमेंट जास्त थापलं होतं.

मॅनेजरला सांगितलं. तो मुळीच हादरला नाही. म्हणाला, फरशा उद्या घासून सपाट करतो, तुम्ही परवा मोजा, परवाची तारीख टाका, विषय संपला. मी विचारलं, मधल्या काळात इथे स्पर्धा झाली का? झाली होती, मार्चमध्ये. मग तो मला घेऊन क्लबच्या फलकापाशी गेला आणि एका फोटोवर बोट ठेवलं.

"ही मुलगी त्या दिवशी पाचव्या लेनमध्ये होती," तो म्हणाला. "तिने नॉर्म केला. तुमच्याच देशाची आहे. तिच्याकडून तो काढून घेणार तुम्ही?"

नॉर्म म्हणजे ठरवून दिलेली वेळ. त्या वेळेच्या आत पोहलात तरच जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचं दार उघडतं. फोटोखाली नाव होतं ईशा, दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक. अकरा शतांश सेकंदांनी नॉर्म गाठलेला.

गाडीत बसून मी हिशोब केला. दोनशे मीटर म्हणजे चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत चार मिलीमीटर, एकूण सोळा. तिच्या वेगाने सोळा मिलीमीटरला जेमतेम एक शतांश सेकंद लागतो. म्हणजे तलाव बरोबर असता तरी पोरगी दहा शतांशांनी नॉर्मच्या आत होती! मला इतका आनंद झाला की मी ऑफिसला न जाता थेट बॉसच्या घरी गेले.

हेर ब्रुकनर, म्हणजे ब्रुकनरसाहेब, बागेत काम करत होते. त्यांनी मातीचे हात पुसले, माझा कागद नीट वाचला आणि परत दिला.

"हिशोब बरोबर आहे," ते म्हणाले. "पण नियमात हिशोब नाही. लांबी भरते किंवा भरत नाही."

मी म्हटलं, चूक माझी आणि शिक्षा तिला, हा कुठला न्याय? ते म्हणाले, न्यायाचं मला कळत नाही. मोजमापाचा खरा प्रोटोकोल, म्हणजे नोंदीचा अहवाल, आजच्या आज जलतरण महासंघाला जाईल, जानेवारीत काय मोजलं आणि काय नाही त्यासकट. मग म्हणाले, "आणि त्या मुलीला हे ई-मेलवरून कळता कामा नये. तुम्ही जा."

ऑफिसला जाऊन प्रोटोकोल पाठवला आणि संध्याकाळी ट्रेनिंगच्या वेळी परत तलावावर गेले. काठावरच्या बाकावर एक बाई थर्मास घेऊन बसल्या होत्या. मला घरून फोन आला, मी मराठीत बोलले आणि त्या एकदम वळल्या. ईशाच्या आई, सुजाताताई. नाशिकच्या, नवऱ्याच्या गाडीच्या कंपनीतल्या नोकरीमुळे पंचवीस वर्षं इकडे. त्यांनी मला चहा दिला आणि भरभरून बोलल्या. पोरगी सातव्या वर्षापासून पोहतेय. रोज पहाटे साडेपाचला पाण्यात, मग अर्धा दिवस चष्म्याच्या दुकानात नोकरी, संध्याकाळी परत पाण्यात. गुडघा एकदा गेला, दोन वर्षं नॉर्म थोडक्यात हुकला. सव्वीस वर्षांची झाली, हा शेवटचा सीझन असं स्वतःच ठरवलं होतं, आणि बघा ना, शेवटी झालंच. मी तो चहा पूर्ण प्यायले. आधी बोलायला हवं होतं, पण धीरच होईना.

ईशा पाण्यातून बाहेर आली तेव्हा मी दोघींना सगळं सांगितलं. फरशा, काठी, मोजलेल्या तीन लेन, न मोजलेल्या पाच.

सुजाताताईंचा चेहरा उतरला. "अहो, चार मिलीमीटर म्हणजे नखाएवढं. आणि तुम्हीच म्हणताय ना, तसंही तिला जमलंच असतं?"

"हो."

"मग?"

हेर ब्रुकनरांचं वाक्य त्या माउलीला ऐकवायची माझी हिंमत झाली नाही.

ईशाने गॉगल परत चढवला, पाचव्या लेनमध्ये उतरली, शेवटच्या भिंतीपर्यंत पोहत गेली आणि पाण्याखाली गेली. बराच वेळ खालीच होती. वर आली ती काठाला हात टेकून जर्मनमध्येच बोलू लागली. मराठी तिला समजतं सगळं, उत्तर जर्मनमध्ये. म्हणाली, इथे कड आहे. प्रत्येक टर्नला माझी डावी टाच तिच्यावर बसते. फेब्रुवारीपासून मी कोचला सांगतेय की ही भिंत लवकर येते, तो म्हणाला सबबी शोधू नकोस. मलाही वाटलं मी सबबीच शोधतेय.

मी थक्क झाले. मला जे लेझर लावून तीन महिन्यांनी कळलं, ते या मुलीच्या टाचेला केव्हाच कळलं होतं! कशी घडवली असेल तिने ती टाच? किती हजार वेळा त्या भिंतीला पाय लावला असेल?

सुजाताताई पुन्हा माझ्याकडे वळल्या, आवाज चढला होता. "आई, लास," ईशा म्हणाली, म्हणजे राहू दे. मग मला म्हणाली, तीन आठवड्यांनी फ्रँकफर्टजवळ एक स्पर्धा आहे, मुदतीच्या आतली शेवटची. तिथे पोहीन. आणि ती राहिलेलं ट्रेनिंग पूर्ण करायला परत पाण्यात गेली. रडारड नाही, माझ्यावर राग नाही. मी तिच्या वयाची असते तर सर्व्हेअरला तलावात ढकललं असतं.

चार दिवसांत महासंघाचं पत्र आलं. मार्चची वेळ रद्द.

फ्रँकफर्टला मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. वरच्या रांगेत बसले, सुजाताताईंपासून लांब. मला पोहण्यातलं फार कळत नाही, पण तिसऱ्या फेरीत ती बाकीच्या मुलींना मागे टाकत निघाली तेव्हा मी उभी राहून मराठीत ओरडत होते. शेजारची जर्मन जोडपी बघत राहिली. ईशाने शर्यत जिंकली. मग सगळ्यांनी बोर्डाकडे पाहिलं.

नॉर्म सात शतांशांनी हुकला होता.

तिने बोर्ड एकदाच वाचला. दोरीवरून वाकून शेजारच्या लेनमधल्या मुलीशी हात मिळवला. बाहेर आली, काठावरच्या पंचांशी हात मिळवला. मग टॉवेल गुंडाळून जिना चढत सरळ माझ्यापर्यंत आली. मी दोन्ही भाषांत वाक्यं तयार ठेवली होती. बोलली मात्र तीच.

"काकू," ती मराठीत म्हणाली, "आज तलाव बरोबर होता. मी कमी पडले."

मी रडले. ढसाढसा, सगळ्यांसमोर. तिनेच माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. सुजाताताई जिन्याखाली थांबल्या होत्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

ईशाने त्या उन्हाळ्यात स्पर्धा सोडल्या. महासंघाच्या यादीत तिच्या नावापुढे फ्रँकफर्टची वेळ आहे. त्याहून चांगली वेळ ती एकदा पोहली होती, हे त्या यादीत कुठेच नाही. मला ऑफिसकडून लेखी ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. एकोणीस वर्षं पाण्यात घालवलेल्या मुलीचं जे गेलं, त्यापुढे ते काहीच नाही.

जिथे मोजलं नसेल तिथे आडवी रेघ मारायची आणि शेजारी "मोजलं नाही" असं लिहायचं. ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगते. एवढं काय त्यात, असं कुणी म्हणालं तर बसवून घेते आणि ईशाची गोष्ट सांगते. पूर्ण सांगते, स्वतःला न वगळता.