आईच्या डोक्याची तपासणी

"नवऱ्याचं नाव सांगा आजी."

बारामतीच्या दवाखान्यातली थंडगार खोली. आई खुर्चीच्या टोकावर टेकलेली, समोर पुण्याची मॅडम. विसरण्याच्या आजारावर संशोधन चाललंय, शहरातलीच माणसं तपासून भागत न्हाय, खेड्यातली बी पायजेत, असं सांगून आमाला आमच्या बावडा गावातनं गाडीत घालून आणलं होतं.

मॅडमनी परत विचारलं. आईनं पदर सारखा केला, हनुवटीनं दार दाखवलं अन् म्हणाली, "त्ये काय, भायेर बसल्यात."

बाहेर बाकावर माझे वडील बसले होते. आमच्याकडच्या तिच्या वयाच्या बायका मरतील, पण नवऱ्याचं नाव घ्यायच्या न्हाईत. कुणी लईच धरून बसलं तर उखाण्यात घेतील, तेवढंच. मी म्हणाले, "मॅडम, तिला येतंय, पण ती..."

"तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मग मॅडम शेजारच्या डॉक्टरला हसत म्हणाली, "शून्य लिही. स्वतःचा नवरा विसरली. ह्या अडाणी बायकांकडून काय मिळणार? गावाकडचे आकडे भरायचेत म्हणून भरायचे."

दोघं हसली. आई विसरते, खरंय. चुलीवर दूध ठेवून पेरूच्या बागेत जाते, अन् तितनं तिला घरची वाट सापडत न्हाय. पण हसणं कळतं की तिला! तिनं पदर तोंडाला लावला अन् माझ्याकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बी.ए. झालेली मी, मान घालून फरशी बघत बसले. अन् खोटं कशाला सांगू, लाज त्या बाईची वाटली न्हाय, आईचीच वाटली. घे की एकदा नाव, असं मनात आलं.

तेवढ्यात मॅडमनी न विचारताच आईचा हात धरला, रक्त घ्यायला चोळीची बाही वर सारली. आईनं हात मागं ओढला.

"हलू नका म्हटलं ना!"

तितं माझं टाळकं फिरलं. मी आईचा हात सोडवला, बाही खाली केली. "नगं तुमचं. ऊठ आये."

परवा त्या संशोधनवाल्यांचा फोन आला. अर्धी राहिलेली तपासणी पुरी करू म्हणे. खेड्यातली माणसं एकदा येतात अन् परत फिरकतच न्हाईत, काय कारण?

"तुमी आमाला माणसात धरत न्हाय, हे कारण," मी म्हणाले.

आईचा आजार वाढलाय. परवा मलाच 'कुणाची गं तू' म्हणाली. उद्या औषध निघालं तर ते तिच्यासारखीला लागू पडतं का, हे तिच्यासारखीला तपासल्याबिगर कसं कळणार? मला पटतं ते. म्हणून 'न्हाय' म्हणाले न्हाय.

"येऊ. पण मी आईशेजारी बसणार. तिला कसं विचारायचं ते आधी मला विचारायचं. तिनं हात पुढं केल्याबिगर सुई लावायची न्हाय. अन् त्या बाईनं त्याच खोलीत आईची माफी मागायची. जमत नसंल तर बावड्यात एका बी दारात तुमची गाडी थांबू देणार न्हाय."

घरी येईपर्यंत आई ती माफी विसरेल. विसरू दे. त्या बाईला ती मागावी लागणारच.