निवटीचे डोळे

गडबच्या प्रतिक्षाला एक खोड होती. कुठलंही काम सुरू करायच्या आधी ती त्याची इतकी तयारी करायची, की बघणाऱ्याला वाटावं, काम उरकलंच. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते तिच्या घरी जाऊन बघावं. लोणचं घालायचं ठरलं की बरण्या धुऊन, उन्हात वाळवून, तोंडाला फडकी बांधून आठ दिवस रांगेत उभ्या, आणि तोवर टोपलीतल्या कैऱ्या पिकून पिवळ्या. त्यामुळे या बाईनं जेव्हा आपल्या दोन मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा तिचा नवरा धनेश चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "शिकवशील गो तू, शिकवशील. पण ह्याच जन्मात सुरवात होईल ना?"

धनेश जवळच्याच एका कंपनीत शिफ्टला जायचा आणि बोलायला तिखट असला तरी मनानं गरीब होता. प्रतिक्षा पेणला काळुरामकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात दहा वर्षं रंगकाम करत होती. पितांबर तिचा, शेला तिचा, मुकुटावरची सोनेरी नक्षीही तिचीच. डोळे मात्र कधी नाहीत. डोळे काळुरामकाकांचे. त्या कामाला आखणी म्हणतात आणि ती सगळ्यांत शेवटी होते. बाकी मूर्ती रंगवून, सुकवून काकांच्या पाटापुढे ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं. आखणी चालू असताना कोणी बोलायचं नाही, कोणी बघत उभं राहायचं नाही, सगळ्यांनी पाठ फिरवायची, असा काकांचा कडक नियम होता. एकदा एक मोठं गिऱ्हाईक "जरा बघू दे ना" म्हणून पुढे सरकलं, तर काकांनी त्यालाही भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

तर मुलांना घरी शिकवायचं का निघालं, ते सांगायला हवं. थोरली भाविका सात वर्षांची, आणि डावरी. वर्गात खूप मुलं, बाईंना एकेकाचं बघायला वेळ कुठला? त्यांचं आपलं एकच, "हात बदल, भाविका, हात बदल." गणपतीपर्यंत भाविकानं हात बदलला. दिवाळीपर्यंत तिची अक्षरं ओळीबाहेर चालायला लागली. आणि होळीपर्यंत तिनं पेन्सिल धरायचंच सोडून दिलं, डाव्या हातानंही आणि उजव्याही. वार्षिक परीक्षेचा पेपर कोरा आला. पोरगी रडली नाही, भांडली नाही, फक्त दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घालून बसायला शिकली. त्या खिशातल्या हातांनी प्रतिक्षाचं काळीज तुटायचं. धाकटा मिथुन पाच वर्षांचा होता आणि त्याला खाऊचा डबा असेल तर कुठलीही शाळा चालत होती.

घरी शिकवून परीक्षा बाहेरून देता येते, हे प्रतिक्षानं चार ठिकाणी विचारून घेतलं होतं. तिचं ठरलंही पक्कं होतं, रंगकाम घरी आणायचं, ओटीवर मूर्ती आणि शेजारी मुलं. धनेश मात्र धास्तावला होता. "शाळेत नाय लिहीत, ती घरी लिहील कशावरून? मग दोन्हीकडून गेली पोर," तो म्हणाला. शेवटी त्यानं अट घातली. "व्हॅनवाल्या निकेशला सीट धरून ठेवायला सांगितलंय. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी त्याला नक्की काय ते सांगायचंय. तोवर पोरीनं आपल्या मनानं पेन्सिल धरली, तर शिकव घरी. नाय धरली, तर व्हॅन हाय."

मे महिना लागला होता. प्रतिक्षानं पदर खोचला.

आधी वेळापत्रक झालं, लाल-निळ्या शाईत, अर्ध्या तासाच्या मधल्या सुट्टीसकट. मग पेणच्या बाजारातून पितळी घंटा आली. मग फळा, डस्टर, हजेरीचं पुस्तक. दोन मुलांची हजेरी! मिथुन रोज सकाळी स्वतःच विचारायचा, "आई, मी आलोय का आज?" गणवेशासाठी निळं कापड बघायला निघाली तेव्हा धनेशनं हात जोडले. "घरात गणवेश? मग मी काय टाय लावून भाकरी खाऊ?" कापड राहिलं, पण पेन्सिली आल्या. जाड, बारीक, तिकोनी, वर ससा बसवलेल्या. भाविका त्या नीट रांगेत लावायची आणि हात पुन्हा खिशात घालायची.

शेवटी हरून प्रतिक्षा रोह्याला गेली. तिथे तिची गोदूमावशी राहायची. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. गाडीतून उतरून, उन्हातून चालत प्रतिक्षा मावशीच्या दारात पोचली ती दोन पिशव्या घेऊनच. तिनं वेळापत्रक, हजेरी, पेन्सिली सगळं मावशीपुढे मांडलं. मावशीनं चष्मा लावून एकेक वस्तू पाहिली आणि सगळं परत पिशवीत भरलं.

"पोरीला काय आवडतं गो?" तिनं विचारलं.

प्रतिक्षा म्हणाली, "बापाबरोबर खाडीच्या बांधावर जाते सुट्टीच्या दिवशी. चिखलातल्या निवट्या बघत बसते. तासन् तास. ओढून आणावी लागते."

"मग पेन्सिलीचं नाव काढू नको तिच्यासमोर. तू रंगारीण हायस ना? भिंत रंगव. तिच्या ओळखीची चित्रं काढ आणि गप बस. गप बसणं जमेल का तुला?"

हे अवघडच होतं, पण प्रतिक्षा हो म्हणाली. मावशीनं वर पिशवीभर चिंचोके दिले, मोजायला. त्यातले निम्मे मिथुननं पुढच्या दोन दिवसांत भाजून खाल्ले.

मग भिंत सुरू झाली. पंधरा दिवस कारखान्यातून आलं की प्रतिक्षा स्टुलावर चढायची. पुस्तकातली चित्रं तिनं घेतलीच नाहीत. क कोंबड्याचा, ख खेकड्याचा, ब बगळ्याचा, म्हशीचा म. ज म्हणजे जिताडा, हे तर पेणच्या माणसाला सांगायलाच नको. आणि न निवटीचा, चिखलात टुणटुण उडणाऱ्या त्या इवल्या माशाचा, खालच्या ओळीत, मुद्दाम भाविकाच्या उंचीला. दहा वर्षांचा मुरलेला हात होता. कोंबड्याचा तुरा असा लालबुंद, जिताड्याचे खवले असे चकचकीत, की शेजारणी दळण टाकायला जाताना वाट वाकडी करून बघून गेल्या.

गुरुवारी भिंत पुरी झाली. प्रतिक्षानं दोन्ही मुलांना समोर उभं केलं, घंटा वाजवली आणि मावशीनं सांगितल्याप्रमाणे गप बसली. भाविका बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली. मिथुन मात्र भिंतीजवळ गेला, खालच्या ओळीतल्या म्हशीच्या तोंडापुढे हात हलवून आला आणि म्हणाला, "आई, ह्यांना दिसत नाय."

प्रतिक्षानं पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. एकाही प्राण्याला डोळे नव्हते! कोंबडा आंधळा, बगळा आंधळा, म्हैस आंधळी. हाताला सवयच तशी लागलेली. डोळ्यांची जागा कोरी सोडायची आणि पुढच्या मूर्तीकडे वळायचं. पंधरा दिवस स्वतःच्या चित्रांकडे टक लावून बघणाऱ्या बाईला ते दिसलं नव्हतं, आणि बाकी बघणाऱ्यांना वाटत होतं, डोळे शेवटी येतील. धनेश हसून हसून ओटीवर आडवा झाला. "बरं झालं गणवेश नाय शिवलास, बाह्याच विसरली असतीस!" आधी तिला राग आला, मग हसू आलं, आणि मग एकदम रडूच आलं, कारण शनिवार परवावर येऊन ठेपला होता.

तिनं ब्रश घेऊन पाहिला. कोंबड्याच्या डोळ्याशी नेला आणि तसाच परत डब्यात ठेवला. दहा वर्षांत या हातानं एक डोळा काढला नव्हता. शुक्रवारी कारखान्यात तिनं भीतभीतच काळुरामकाकांना सांगितलं. काकांपुढे त्या दिवसांत आखणीसाठी शेकडो मूर्ती खोळंबलेल्या असायच्या. पण शनिवारी दुपारी ते गडबच्या फाट्यावर एसटीतून उतरले, काखेत ब्रशांची गुंडाळी घेऊन.

काकांनी भिंत न्याहाळली, चहा घेतला आणि सांगितलं, "चला, पाठ फिरवा." सगळे वळले. थोड्या वेळानं "बघा" म्हणाले, तेव्हा वरच्या ओळीला दृष्टी आली होती. पण कसली दृष्टी! जन्मभर काकांनी एकच डोळा आखलेला, गणपतीचा. कोंबडा आशीर्वाद द्यायला बसल्यासारखा शांत. खेकड्याच्या नजरेत अपार करुणा. जिताडा तर असा प्रसन्न, की त्याच्यावर विळी चालवायला कोणी धजावलं नसतं. पहिल्या शिफ्टवरून नुकताच आलेला धनेश दारातच हात जोडून उभा राहिला. प्रतिक्षानं पदरात तोंड लपवलं, काकांचा अपमान नको म्हणून. काकांच्या काही ते लक्षात आलं नाही. त्यांनी पुन्हा सगळ्यांना पाठ फिरवायला लावली आणि खालच्या ओळीसाठी गुडघे धरत पाटावर बसले.

"नाय!"

आखणी चालू असताना कोणी ओरडलेलं काकांनी आजवर ऐकलं नव्हतं. सगळे गर्रकन वळले. भाविका काकांच्या खांद्यापाशी उभी होती, लालबुंद होऊन. तिनं पाठ फिरवलीच नव्हती. निवटीच्या गालावर कमळाच्या पाकळीसारखा एक लांबट डोळा आला होता.

"निवटीचे डोळे असे नसतात! डोक्यावर असतात, वर. बाहेर आलेले. एक इकडं बघतो, एक तिकडं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, निवटीकडे पाहिलं. मग ओलं फडकं घेऊन आपण काढलेला डोळा पुसून टाकला आणि काळ्या रंगात ब्रश बुडवून तिच्यासमोर धरला.

"मी कधी नीट बघितली नाय गो निवटी. तू बघितलीस. तूच आख."

भाविकाचे हात खिशात होते. प्रतिक्षा पुढे होऊन काहीतरी बोलणार, तोच काका कष्टानं उठले आणि तिच्यावर डाफरले, "काय बघतेस? आखणी चाललीय! पाठ फिरवा सगळ्यांनी." आणि ते स्वतः सगळ्यांत आधी वळून दाराकडे तोंड करून उभे राहिले.

प्रतिक्षानं पाठ फिरवली. वर्षभर जे बघायला जीव आसुसला होता, ते चार हातांवर मागे घडत होतं की नाही, हेही तिला बघता येत नव्हतं. तिनं धनेशचा हात घट्ट धरला. मिथुन मान वळवायला लागला, तर काकांनी ती पकडून सरळ केली. मागून काहीच आवाज येत नव्हता. मग नाकानं मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला. मग पुन्हा काही नाही.

"झालं," भाविका म्हणाली.

निवटीच्या डोक्यावर दोन टपोरे डोळे आले होते. एक मोठा, एक लहान. एक खिडकीकडे बघत होता, दुसरा सरळ धनेशकडे. चिखलातून आत्ताच टुणकन उडी मारेल, अशी ती निवटी जिवंत झाली होती. प्रतिक्षानं डोळ्यांवरून नजर काढून लेकीच्या हातांकडे पाहिलं. उजवा हात स्वच्छ होता. डाव्या हाताची तीन बोटं काळ्या रंगानं माखली होती.

"म्हशीचे मी काढू?" भाविकानं विचारलं. "आणि कोंबड्याचे पण चुकलेत."

"काढ गो," काका म्हणाले. "सगळे पूस नि काढ."

"मी पेन्सिल म्हणालो होतो, ब्रश नाय," धनेश म्हणाला. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि निकेशचा नंबर लावला.

"हां निकेश. भाविकाची सीट दे दुसऱ्या कुणाला." पलीकडून का म्हणून विचारलं असावं. धनेशनं स्टुलावर चढणाऱ्या लेकीकडे एकदा पाहिलं, आणि मग नियम आठवून भिंतीकडे पाठ केली. "तिला येळ नाय. घरी आखणी चाललीय."