मालकाला परमुलखात बसवून माती दिली

त्या दिवशी औशाकडच्या आमच्या मुरुडच्या घरापुढं कोन कोन व्हतं ते आधी सांगते, म्हंजे कुनाचं नाव राहायला नको. माझे मालक, महालिंग आप्पा. मी, पार्वती. धाकटे दीर गुरुलिंग भावजी आन् जाऊ काशी. लेक गंगू, ती नांदेडहून आल्ती. जावयाला सुट्टी मिळाली न्हाई. मठातले स्वामी. शेजारची रजियाबी. आन् आमचा मन्मथ, आमाला न्यायला जर्मनीहून आल्ता. एवढीच मान्सं. हैदराबादला जायाची जीप सुरू करून ड्रायवर बसला व्हता.

काशी म्हनली, "बाई, तितं थंडीत धुनं वाळतंय का?"

"गेल्यावर कळवते," मी म्हनलं.

रजियाबीनं धपाटे बांधून दिले. स्वामी मालकाला म्हनले, "आप्पा, विमानाजवळ गळ्यातलं काढा म्हनतील. काढू नका." मालक म्हनले, "काढायचंच असतं तर बापानं घातलं कशाला असतं?" गंगू रडली. मी न्हाई रडले. जीप मुरुडच्या भाईर निघाली.

जे आमच्यातले न्हाईत त्यांच्यासाठी सांगून ठिवते. आमी लिंगायत. लेकरू जल्मलं की लिंग बांधतात, चांदीच्या डबीत, ते मरेपोत्तर गळ्यातच. मेल्यावर आमाला जाळत न्हाईत. आंघोळ घालून, भस्म लावून मांडी घालून बसवतात, लिंग डाव्या हातावर ठिवतात, जंगम म्हंजे आमचा स्वामी येऊन डोक्यावर पाय ठिवतो, त्याला पाद म्हनतात, आन् बसलेलं तसंच मातीत देतात. माझे सासरे शेवटी शेवटी एकच बोलायचे, "मला उगवतीकडं तोंड करून बसवा." तसंच बसवलं, मळ्याच्या कोपऱ्यात, सासूच्या बाजूला. पुढं रस्ता रुंद करायचं निघालं. नोटीस आली, मोजनी झाली, समदं कायद्यानं झालं, आन् दोन्ही समाध्या डांबराखाली गेल्या. मालक त्याच्यावर कधी बोलले न्हाईत. फकस्त त्या रस्त्यानं जायचं सोडलं. बांधाबांधानं लांबून जायाचे.

मालकाच्या काळजाचं दुखनं निघालं तवा मन्मथनं ठरवलं. तितल्या सरकारनं कायदा बदलला व्हता, कामाला आलेल्या मानसाला आई-बाप आनता येऊ लागले व्हते. एकुलता लेक. न्हाई म्हनायला आमच्याजवळ कारन न्हवतं.

मुरुडात दार उघडं असायचं. सकाळी झाडायला निघालं की चार बाया दिसायच्या, एकीला सर्दी झाली तर दुसरीनं इचारायचं. इथं दार लावलं की झालं. तिसरा मजला, लिफ्ट, भिंतीला लोखंडी हीटर. सून सुवर्णा भली हाय, पन दोघंबी सकाळी जायाची ती अंधार पडल्यावर यायाची. आमी दोघं खिडकीत बसून खाली जानाऱ्या मान्सांचे कुत्रे बगायचो. काशीला मी कळवलं, धुनं हीटरवर वाळतंय.

पूजेला कुनी आडवं आलं न्हाई. घंटा वाजवायला मी आधी भ्याले. मन्मथ म्हनला, "वाजव की आई. इथं कायद्यानं कुनी कुनाच्या देवाला अडवत न्हाई."

मालक म्हनले, "आपल्याकडं कुठं अडवत व्हते?"

"तिकडं आपन लई घरं हाव आप्पा. अडवायला कोन येतंय? इथं या गावात आपल्यातली तीन घरं."

मालक हासले. "मग इथं मठाच्या निवडनुकीत भांडन तरी होत नसंल."

समोरच्या दाराला फातमा नावाची तुर्कस्तानची बाई राहते. माझ्याच वयाची, तिचा मालक आधीच गेलेला. तिला मराठी येत न्हाई, मला तिचं येत न्हाई. पन ती साबनाला साबुन म्हनते, चहाला चाय, हवेला हवा, दुनयेला दुनया. निजामाच्या राज्यातले शब्द तिच्या तोंडून ऐकून मालक म्हनायचे, ही तर आपल्या औशाकडची दिसून राहिली. तेवढ्यावर आमचं भागायचं.

मालक गेले ते सकाळच्या पारी. चहा झाला व्हता. छाती दाबल्यासारखी वाटते म्हनले आन् पलंगावर आडवे झाले. मी पानी घेऊन आले तवर संपलं व्हतं. नाकापाशी हात धरून बगितलं, डोळे झाकले. मन्मथला फोन लावला तर तो म्हनला, आलोच, डॉक्टरलाबी धाडतो.

आता आमच्याकडं बाप गेला तर पोरं आधी काय करत्यात? मानूस ताठायच्या आत बसवून घेत्यात. एकदा ताठला की मांडी मोडत न्हाई, हे ल्हान लेकराला म्हाईत असतंय. मी बी तेच केलं. मला दुसरं येत न्हवतं. सदरा काढला, कोमट पान्यानं आंग पुसलं, भस्म लावलं. मांडी घातली. ते काई जड न्हवते, दुखन्यानं वाळले व्हते, पन बसवलं की एका अंगाला कलायचे. म्हनून हीटर बंद केला, भिंतीला टेकवलं आन् माझं जुनं लुगडं छातीवरून घेऊन हीटरच्या नळीला बांधलं. मग समोर बसले.

दार मी लोटूनच ठिवलं व्हतं. ते उघडून डॉक्टर आला. तरना मानूस व्हता. त्यानं बगितलं, म्हातारा मानूस नळीला बांधलेला, आंगाला राख फासलेली, आन् म्हातारी समोर गप बसलेली. तो आत आलाच न्हाई. तितूनच फोन लावला. मन्मथ आला त्याच्या मागं पोलीस आले, एक बाप्या आन् एक बाई.

मन्मथ म्हनला, "आई, हे काऊन केलंस? डॉक्टरनं बघेपोत्तर इथं हात लावायचा नसतो."

"मग कधी लावायचा? ताठल्यावर?"

"ते इचारून राहिलेत, बांधलं कशाला."

"सांग त्यांना, पडू नये म्हनून."

त्यानं सांगितलं. पोलीस बाईनं लुगड्याची गाठ बगितली. तिनं परत इचारलं, जिते असताना बांधलं का मेल्यावर. मन्मथला ते माझ्या तोंडावर बोलता येईना, तवर आलेल्या सुवर्णानं सांगितलं. मी म्हनलं, मेल्यावर. त्यांनी लुगडं सोडलं, मालकाला झोपवलं, गळ्यातली डबी काढून प्लास्टिकच्या पिशवीत मन्मथच्या हातात दिली आन् मालकाला घेऊन गेले. विमानतळावर जे गळ्यातून निघालं न्हवतं ते असं निघालं. मी त्यांच्यावर राग धरला न्हाई. त्यांनी असा मानूस कधी बगितला न्हवता.

मला दोनच भ्या व्हते. एक, फाडतील. दोन, जाळतील न्हाईतर पेटीत झोपवून पुरतील. मला तुरुंगात घालतील ह्याचं भ्या मन्मथला व्हतं, मला न्हाई.

फाडलं न्हाई. काळजाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, हे मानूस असंच जानार व्हतं. पोलिसांनी माझी चौकशी सोडली. मालक मात्र थंड कपाटात झोपलेले.

तवर गावाकडून फोनावर फोन. भावजी म्हनले, "वहिनी, जाळून टाका आन् राख धाडून द्या, सोपं पडतंय."

मी म्हनलं, "भावजी, तुमच्या बापाला जाळलं व्हतं का?"

मग ते म्हनले, विमानानं आना. त्याचीबी चौकशी मन्मथनं केली. आनायचं तर आंगात औषध भरायचं, पत्र्याच्या पेटीत झाळून बंद करायचं. आन् आनून ठिवायचं कुठं? बापाशेजारची जागा रस्त्यात गेलेली. भावजींनी फोन ठिवला. मालक एकदा खिडकीत बसून बोलले व्हते, "मी इथंच गेलो तर माझी वरात काढत हिंडू नका. जिथं गेलो तिथं बसवा." तेच मी धरून बसले.

फातमा जेवन घेऊन यायाची. तिनं मन्मथला इथल्या भाषेत समजावलं. त्यांच्यातबी पेटी चालत न्हाई, कापडात गुंडाळून माती देतात. पयलं इथला कायदा पेटीशिवाय देऊ देत न्हवता. त्यांच्या लोकांनी वर्सानुवर्सं मागनी केली तवा धर्मासाठी पेटी नको म्हनायचा हक्क मिळाला. ती म्हनली, तो हक्क काई फकस्त आमचाच न्हाई, तुमीबी मागा. तिनं माझा हात धरून एकच शब्द सांगितला, "हक्क." तो मला कळला.

मसनवट्याला इथं फ्रीडहोफ म्हनतात. बगिच्यावानी असतंय, झाडं, बाकडी, पान्याचे नळ. तिथल्या हापिसात मन्मथ, सुवर्णा आन् मी गेलो. सायेब नाकासमोर चालनारा मानूस दिसला. मन्मथनं पेटी नको म्हनून सांगितलं, तो म्हनला, हो, धर्माचं असंल तर चालतंय. मग मन्मथ म्हनला, बसवून द्यायचंय. सायबानं पेन खाली ठिवला.

"असं आजपोत्तर कुनी मागितलं न्हाई," तो म्हनला. "झोपवूनच द्या असं नेमात कुठं लिवलेलं न्हाई. पन बसवून द्या असंबी न्हाई. मानसाच्या वर किती माती पायजे ते लिवलेलं हाय. आन् खाली लई खोल गेलं तर पानी लागतंय." मग त्यानं इचारलं, बसलेला मानूस किती उंच व्हतोय? रुंद किती?

मन्मथला सांगता येईना. हातानं दाखवायला लागला, मधीच सोडून दिलं.

मी खुर्चीवरून उठले आन् त्याच्या हापिसात खाली फरशीवर मांडी घालून बसले. पाठ ताठ केली, हात मांडीवर ठिवले. मन्मथला म्हनलं, "सांग त्यांना, असं. माझ्यापेक्षा ईतभर उंच."

सायेब उभा राहिला. सुवर्णा रडायला लागली. सायबानं कपाटातून टेप काढला, पन माझ्याजवळ यायला त्याला अवघडलं. मन्मथला इचारलं, मोजू का. मी म्हनलं, "मोज म्हनाव. आमची मोजनी काई पयली न्हाई." मन्मथनं त्यातलं नुसतं 'मोजा' एवढंच सांगितलं. सायबानं गुडघ्यावर बसून मोजलं, डोक्यापोत्तर, मग एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापोत्तर. मोजून झाल्यावर त्यानंच हात देऊन मला उठवलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. खालच्या अंगाला जमनार न्हाई, पानी हाय. वर टेकाडावर जिमीन कोरडी हाय, तितं देतो. मीठ टाकायचं न्हाई, झाडं मरतात. भस्म चालंल, पानं चालतील. बाजूला कोनाडा कोरायचा न्हाई, माती ढासळती. आमच्याकडं मीठ घालतात, कोनाडाबी असतो. मी म्हनलं, ते सोडा. बसवून देतात ना? बाकीचं सोडा.

मयताचं काम करनारी एक बाई व्हती. ताठलेलं आंग आता कसं बसवायचं म्हनून मी सुवर्णाकरवी तिला इचारलं. ती म्हनली, ताठपना राहत न्हाई, काई दिवसांनी आपोआप सैल पडतो. म्हंजे मी त्या सकाळी केलेली घाई कामाचीच न्हवती. आमच्याकडं तेवढे दिवस कोन ठिवतंय, म्हनून कुनाला म्हाईत न्हाई. तिनं मला आत घेतलं. दोघींनी मिळून आंघोळ घातली. तिला मराठी येत न्हवतं, तरी मी जिथं बोट दाखवलं तिथं तिनं भस्म लावलं.

माती दिली तवा मन्मथ, सुवर्णा, फातमा, मन्मथचे दोन कामावरचे सोबती आन् लांब उभा राहिलेला तो सायेब. तोंड उगवतीकडं. डाव्या हातावर लिंग मी ठिवलं. मन्मथनं मोबाईल धरला, मुरुडहून स्वामी मंतर म्हनले. पाद काई झाला न्हाई. फोनातून पाय कसा ठिवायचा? स्वामी म्हनले, "मनानं ठिवतो." मी हो म्हनलं. पन तो राहिला तो राहिलाच, हे मला म्हाईत हाय आन् स्वामींनाबी.

आता गंगू फोनवर इचारती, आई, घरी कधी येतीस? काशी इचारती. मुरुडचं घर हाय, कुलूप हाय, रजियाबी दारात पानी मारती. पन घर म्हनलं की मला आता टेकाडावरची ती जागा दिसती. ती बी कायमची न्हाई. इथल्या नेमानं जागा ठरल्या वर्सांचीच मिळती, पुढं परत मागून घ्यावी लागती, न्हाईतर दुसऱ्याला देतात. तिकडं रस्ता आला, इथं मुदत हाय. मालकाच्या बाजूची जागा मी मागून ठिवली हाय. सायेब या खेपी टेप घेऊन उठला न्हाई, माझं माप त्याच्याकडं हाय. तितं गेले की बरं वाटतंय. घराचं याच्याहून जास्त मला सांगता येत न्हाई.

मी चौथीपोत्तर शिकले, बोलते तसंच लिवलंय. हे वाचनाराला येवढंच मागनं हाय. तुमी मुंबईत असा, दुबईत असा, कुठंबी असा, घरात म्हातारं मानूस असंल तर आज त्याच्यापाशी बसा आन् इचारा, तुला जाळायचं का माती द्यायची, बसवून का झोपवून. मग राहता त्या गावच्या हापिसात जा आन् ते चालतंय का, इचारून या. ते मानूस जितं असतानाच जा.