एक्कावन्न टक्क्यांचा स्टोअरकीपर

आमच्या पंपाच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला सगळे 'एक्कावन्न' म्हणायचे. परदेशी कंपनीला इथे कारखाना चालवायचा तर निम्म्याहून जास्त हिस्सा इथल्याच माणसाच्या नावावर हवा, असा कायदा होता. कंपनीच्या साहेबांनी शोधून शोधून हाच माणूस निवडला, कारण वीस वर्षांत त्याने कुणाला 'का?' म्हणून विचारलं नव्हतं. नट-बोल्ट देता देता गडी एका दुपारी मालक झाला.

त्याच दुपारी त्याच्याकडून आणखी एक सही घेतली. आपला सगळा हिस्सा कंपनी सांगेल त्याला दिला, असा कागद. तारीख तेवढी कोरी. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. म्हणजे मूर्ख काही तो एकटा नव्हता.

यंदा हुकूम आला की मोटरची कॉइल आता परदेशातून तयार येणार, तार गुंडाळून ती इथे बनवणारं वाइंडिंग खातं बंद. त्या खात्यात अकरा बायका, त्यातली एक त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून तिचं घर याच कामावर चाललेलं. ती स्टोअरच्या खिडकीशी आली.

"दादा, तू मालक आहेस ना? एकदा तरी नाही म्हण."

"नावाचा आहे गं मी."

"मग नावाला तरी म्हण."

तो मला घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, मग ड्रॉवरमधून तो जुना कागद काढला.

"तुम्ही नाही म्हणू शकता," ते म्हणाले. "मग मी इथे आजची तारीख टाकतो. उद्या दुसरा कुणी मालक होईल आणि खातं तो बंद करेल."

"निदान बहिणीला पॅकिंगमध्ये घ्या."

"बघू."

त्या 'बघू'वर त्याने खातं बंद करायच्या कागदावर सही केली. मी आपला चहा संपवला. आजही त्याची लाज वाटते.

पॅकिंगमध्ये कुणालाच घेतलं नाही. शेवटच्या दिवशी बायका रांगेने हत्यारं जमा करायला आल्या. बहिणीने पक्कड ठेवली, कात्री ठेवली. कात्रीच्या मुठीला तिने स्वतःच्या हाताने चिंधी गुंडाळलेली होती. त्याने ती हळूच परत सरकवली.

"ही घरी ने."

"नको रे दादा. कमी भरली तर तुझ्यावर येईल."

 मागच्या बाया खोळंबल्या होत्या. शेवटी त्याने रजिस्टरात लिहिलं: कात्री एक, जमा.